दोनशे सत्ताविसावं पिंप

शेडमधल्या कुठल्याही पिंपाचं वय एकोणनव्वद दिवसांच्या वर नव्हतं. शेडला मात्र तेवीस वर्षं झाली होती, आणि गेल्या सहा वर्षांत तिथे एकही पिंप नव्याने आलं नव्हतं की तिथून बाहेर गेलं नव्हतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. कागद तसं म्हणत होता आणि कागदापुढे शहाणपण चालत नाही.

नियम साधा होता. घातक टाकाऊ माल कारखान्याच्या आवारात नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, त्याआधी जाळायला भट्टीवर धाडायचा. पण भट्टी एकच आणि तिच्यापुढे सगळ्या कारखान्यांची रांग. आपला नंबर लागेपर्यंत आपणच टाकाऊ होणार, असा तो मामला. म्हणून एकोणनव्वदाव्या दिवशी शेडचा भांडारी हातात पत्र्याची पट्टी घ्यायचा, पिंपांवरची जुनी लेबलं खरवडायचा आणि आजच्या तारखेची नवी चिकटवायचा. मग रजिस्टरात डावीकडे लिहायचा, ‘विल्हेवाट लावली : २२६’. उजवीकडे लिहायचा, ‘नव्याने निर्माण झाले : २२६’. ज्या रंग विभागाचा हा काळा, डांबरासारखा गाळ, तो विभाग बंद पडून सहा वर्षं झाली होती. म्हणजे आई मरून गेली तरी दर तीन महिन्यांनी बाळंत होत होती.

भांडाऱ्याचं खरं नाव काय ते पगारपत्रकालाच ठाऊक. बाकी सगळे त्याला ‘एकोणनव्वद’ म्हणत.

त्याची धाकटी मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि त्याच कारखान्यात पर्यावरण विभागात सहायक म्हणून लागली. विभागात ती, एक कपाट आणि एक अग्निशामक नळकांडं असे तिघं होते. नळकांड्याची मुदत संपली होती. घरी तिला धाकटी म्हणत, कारखान्यातही धाकटीच म्हणू लागले, कारण थोरला एकोणनव्वद तिथे आधीपासून बसलेला होता.

पहिल्यांदा शेडमध्ये गेली तेव्हा तिला जाणवलं की पिंपांना गंज नाही. पत्र्याला गंज, दाराच्या बिजागऱ्यांना गंज, बापाच्या आवाजालाही थोडा. पिंपं मात्र निळीशार, काल रंगवल्यासारखी.

“बाबा, ही कधीची?”

“लेबल वाच की. शिकलीस ना एवढी?”

“लेबल तुम्हीच लावलंय.”

“मग बरोबरच असणार,” एकोणनव्वद म्हणाला.

त्या फेरीतला एकोणनव्वदावा दिवस तिने बापाबरोबर शेडमध्ये काढला. दुपारी दोनपर्यंत सगळं गप्प होतं. दोन वाजता मागच्या रांगेतलं एक झाकण केसभर वर उचललं गेलं आणि खाली बसलं. टण्. मग दुसऱ्या कोपऱ्यात टण्. तिनाच्या सुमाराला सगळी शेड टणटणत होती, आणि पिकलेल्या फळाचा आणि जळक्या रबराचा मिळून एक वास पायांत घोटाळत होता.

“उष्णतेने होतं,” धाकटी म्हणाली. तिला पदवी होती.

“उष्णतेने होतं,” बापाने मान डोलावली. “आणि घड्याळही बघतात.”

तो लेबल लावत गेला तसतशी एकेक रांग गप्प होत गेली, दूध मिळालेल्या पोरासारखी. शेवटी त्याने दाराआडच्या झाडूलाही एक लेबल लावलं. धाकटीने भुवया उंचावल्या.

“झाडूची नोंद करत नाही,” तो म्हणाला. “झाडूचं काय एवढं.”

सारं असंच चाललं असतं, पण नवे साहेब आले. नव्या साहेबांना आलेखाचं वेड होतं. त्यांच्या टेबलावर बायकोचा फोटो असतो त्या जागी एक खाली उतरणारी रेषा चौकटीत बसवून ठेवली होती. त्यांनी धाकटीकडून सहा वर्षांची आकडेवारी मागवली आणि भिंतीवर टाकली. घातक माल निर्माण झाला तो एवढा, विल्हेवाट लागली ती एवढी, तिमाहीमागून तिमाही. रेषा इस्त्री केल्यासारखी सरळ होती.

“मॅडम, ही माणसाच्या कारखान्याची रेषा नाही,” साहेब म्हणाले. “ही फूटपट्टी आहे. आणि इथे, चार वर्षांपूर्वी, हे काय?”

तिथे एक पायरी होती. इतकी बारीक की बोट ठेवल्याशिवाय दिसू नये. दोनशे सव्वीसचे दोनशे सत्तावीस झाले होते, आणि पुढे तेच सरळ चालले होते.

“एक पिंप वाढलं असेल, सर.”

“बंद विभागात?” साहेब हसले. हसताना त्यांचे डोळे रेषेवरच होते. “मला काहीच खोदून काढायचं नाही. मला फक्त ही रेषा खाली हवी आहे. भट्टीवाल्यांशी बोललोय. गुरुवारी ट्रक येईल आणि दोनशे सत्तावीसच्या दोनशे सत्तावीस घेऊन जाईल. आणि ते शिक्क्याच्या लेबलांचं बंडल आणून द्या. यापुढे लेबल मशिनवर निघेल. चालू विभागाचा क्रमांक टाकला तरच निघेल.”

बंडल त्यांच्या खणात गेलं. किल्ली त्यांच्या खिशात गेली.

धाकटी शेडमध्ये जाऊन पिंपं मोजू लागली. दोनशे सव्वीस. उलट्या बाजूने मोजली. दोनशे सव्वीस. तिसऱ्यांदा खडूने खुणा करत मोजली, तेव्हा एकोणनव्वद आपल्या लोखंडी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता.

“खडू कशाला वाया घालवतेस?” तो म्हणाला. “दोनशे सव्वीसच आहेत.”

“मग रजिस्टरात एक जास्त कसं?”

“रजिस्टर बरोबर आहे.”

त्याने शर्टाची वरची चार बटणं काढली. छातीच्या डाव्या बाजूला पिवळं लेबल होतं, कवटीचं चित्र आणि खाली त्याच्या वळणदार अक्षरात सगळे रकाने भरलेले. माल : मिश्र. अवस्था : अर्धघन. निर्मिती दिनांक : सत्त्याऐंशी दिवसांपूर्वीचा.

धाकटीला आधी हसूच आलं. मग चार वर्षांपूर्वीचा दवाखान्यातला बाक आठवला. डॉक्टरांनी बापाच्या छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, तीन महिने, फार तर. आई घरी येऊन भांडी घासत बसली होती, घासलेलीच पुन्हा. मग तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. आई म्हणायची औषध लागू पडलं. डॉक्टरांनी दुसऱ्या गावी बदली करून घेतली.

“तीन महिने म्हणजे नव्वद दिवस,” बाप म्हणाला. “मी म्हटलं, हे तर आपलंच काम आहे.”

“बाबा, असं नसतं.”

“नसतं ना? बघ तर.”

त्याने दाराआडचा झाडू आणला, जमिनीवर उभा धरला आणि त्याचं लेबल टरकन ओढून काढलं. क्षणभर काही झालं नाही. मग झाडूची एक काडी गळली. मग सगळ्या काड्या एकदम, केस गळावेत तशा. दांडा हातातल्या हातात काळा पडला, त्याला भोकं पडली, भोकांतून पिवळी भुकटी सांडायला लागली, आणि कुजबुजल्यासारखा आवाज करत तो खाली बसला. थकलेला म्हातारा बसतो तसा, आधी गुडघ्यात मोडून.

“आठ वर्षांचा होता,” एकोणनव्वद म्हणाला. त्याच्या तळव्याला भुकटी लागली होती, ती त्याने पँटला पुसली. “आधी त्याच्यावर करून बघितलं. एकदम स्वतःवर करायला मी काय वेडा आहे?”

“आणि नोंद कशाला केलीत? झाडूची करत नाही म्हणालात!”

“माणसाची करायला नको?” तो दुखावला होता. “चोरून जगायचं का मी?”

मोजण्यासारखं आता एवढंच होतं. आज मंगळवार, सत्त्याऐंशी. गुरुवारी एकोणनव्वद. गुरुवारी संध्याकाळी पाचला शेड बंद होते तेव्हा दिवस उलटल्याचं धरत. त्यानंतर चार वर्षं एकदम येणार.

धाकटीने करायचं ते सगळं केलं. साहेबांकडे फक्त एक लेबल मागितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या चालू विभागाचा माल? तिला सांगता येईना. मग तिने जुन्या लेबलाची झेरॉक्स काढली, कवटी पिवळ्या पेन्सिलीने रंगवली आणि गुरुवारी दुपारी एका टणटणत्या पिंपावर लावून पाहिली. पिंपाने झाकण उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि दाणकन आपटलं.

“त्यांना झेरॉक्स कळते,” बाप म्हणाला. “शिक्का लागतो. नियमाला फार पक्की आहेत बिचारी.”

तीन वाजता ट्रक आला. ट्रकवाला बुटका, स्वच्छ, दाढी केलेला गृहस्थ होता. कानावर पेन्सिल आणि हातात मालाच्या यादीच्या चार रंगांच्या चार प्रती. त्याने माणसं लावून पिंपं चढवली, स्वतः मोजली आणि पेन्सिल थुंकीने ओली केली.

“ताई, एक कमी.”

“लिहिण्यात चूक आहे. दोनशे सव्वीस करा.”

“चारही प्रतींत चूक? छे.” त्याने शेडमध्ये नजर फिरवली. रिकामी शेड एवढी मोठी होती की तिच्यात खुर्चीवर बसलेला एकोणनव्वद विसरून राहिलेल्या सामानासारखा दिसत होता. ट्रकवाला त्याच्यापाशी गेला, पेन्सिलीच्या टोकाने शर्ट जरा बाजूला केला आणि खूण केली. “हे काय, आहे की.”

“माणूस आहे तो!” धाकटी ओरडली.

“असतं कधीकधी,” ट्रकवाला म्हणाला. “मागच्या महिन्यात एका कारखान्यातून एक काकू निघाल्या. प्रयोगशाळेतल्या. वाटेत काही त्रास नाही हो, मागे बसून गाणी म्हणत होत्या. आवाज चांगला होता.”

“आणि भट्टीवाले? भट्टीवाले काही बोलले नाहीत?”

“बोलतील कशाला? वजन जुळलं ना.”

एकोणनव्वद खुर्चीतून उठला आणि शर्टाची बटणं लावू लागला, बाहेर जायचं म्हटल्यावर लावतात तशी, वरपर्यंत. धाकटीने त्याचा दंड धरला. दंड गरम होता.

“दुसरं काहीच करता येत नाही का?” तिने विचारलं. “तुम्ही एवढे कारखाने फिरता.”

ट्रकवाल्याने घड्याळ बघितलं. पावणेचार. “कुणाला उपयोग आहे का यांचा?”

“म्हणजे?”

“हल्ली नवीन निघालंय. ज्याचा कुणाला उपयोग आहे तो कचरा नाही, उपउत्पादन. मग त्याला दिवसांची मुदत नाही, भट्टी नाही. राख विटांत जाते, गाळ सिमेंटात जातो, सगळे आता तिकडेच वळलेत. माझा धंदा अर्ध्यावर आला. फक्त घेणारा लागतो, त्याने सही करायची आणि काय उपयोग ते लिहायचं. अर्ज माझ्याकडे आहे. पाचच्या आत व्हायला हवं.”

धाकटीने आईला फोन केला. “बाबांना घ्यायला ये, आत्ता, रिक्षा करून,” एवढंच सांगितलं. आई पंचवीस मिनिटांत आली, हातात थर्मास, चादर आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी. तिला वाटलं होतं दवाखान्यात जायचंय. तिला सगळं सांगायला चार मिनिटं लागली. पाचव्या मिनिटाला तिने नवऱ्याच्या शर्टात हात घालून लेबल चाचपलं.

“म्हणून चार वर्षं अंगातला शर्ट काढला नाहीत!”

“अगं, ओलं झालं तर सुटतं ते.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तू ओढून काढलं असतंस.”

“काढलंच असतं! घाणेरडी कवटी लावून झोपत होतात माझ्याशेजारी!” तिचा आवाज फाटला. ती ट्रककडे तोंड करून उभी राहिली. ट्रकमधून टण्, टण् येत होतं. “काय लिहायचंय ते वाच गं.”

“घेणाऱ्याचं नाव,” धाकटीने वाचलं. “मालाचा उपयोग.”

“उपयोग? काडीचा नाही.”

“आई!”

“खरं तेच लिहावं लागतं ना? बल्ब बदलता येत नाही. बाजारातून चार वस्तू सांगाव्यात, तीन आणतात, त्यांतली एक भलतीच. रात्री कडी लावली का म्हणून दोनदा उठतात आणि मला उठवून सांगतात, लावली होती.” ती थांबली. एकोणनव्वद खाली मान घालून ऐकत होता, परीक्षेचा निकाल ऐकावा तसा. “भांडायला,” आई म्हणाली. “लिही. भांडायला लागतात मला.”

ट्रकवाल्याने डोकं खाजवलं. “‘घरगुती वापर’ असं कंसात टाका. चालेल.”

शेडच्या काट्यावर एकोणनव्वदला उभं केलं. एकसष्ट पूर्णांक चार किलो. पुढचा रकाना होता, ‘दरमहा वापर, किलोत’.

“शून्य टाकते,” धाकटी म्हणाली.

“शून्य नाही चालत, ताई. तीन महिने वापर शून्य, की माल परत कचऱ्यात. मी परत येतो.” त्याने हे अगदी प्रेमाने सांगितलं. “एक दशांश. त्याखाली रकानाच नाही.”

धाकटीने एक दशांश लिहिलं आणि सवयीने भागाकार केला. सहाशे चौदा महिने. एक्कावन्न वर्षं आणि वर दोन महिने.

“एवढं जगून मी करू काय?” एकोणसाठ वर्षांचा एकोणनव्वद घाबरून म्हणाला.

“भांडा,” आई म्हणाली आणि सही केली.

पाचला दहा कमी असताना साहेबांनी अर्ज वाचला नाही, फक्त वरचा ‘पुनर्वापर’ हा शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शिक्का मारला, तो इतक्या जोरात की टेबलावरची चौकट पालथी पडली. पाच वाजता शेडमध्ये बापाच्या शर्टातून लेबल सुटून खाली पडलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. बापाला शिंक आली. बाकी काही झालं नाही. ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा आत दोनशे सव्वीस झाकणं एकाच वेळी वाजत होती, आणि ट्रकवाला खिडकीबाहेर कोपर काढून कसलंसं गाणं म्हणत होता. आवाज बाईचा होता. धाकटीने ते कुणाला सांगितलं नाही.

महिनाभर घरात जोरात भांडणं झाली. नियमाप्रमाणे वापर होत होता म्हणायचा. पहिल्या तारखेला धाकटीने बापाला काट्यावर उभं केलं. एकसष्ट पूर्णांक तीन.

“शंभर ग्रॅम तर घामातही जातात,” बाप म्हणाला.

“मग गेले कुठे?” आईने त्याची बोटं मोजली. मग दात मोजले, तोंडात बॅटरी मारून. सगळं जागच्या जागी होतं. त्याला शाळेतले पाढे विचारले, लग्नाची तारीख विचारली. तारीख चुकली, पण ती आधीपासूनच चुकत होती. दोघांनी त्यावरून थोडं भांडून घेतलं.

धाकटी विवरणपत्र घेऊन टेबलापाशी बसली. मिळाला : एकसष्ट पूर्णांक चार. वापरला : शून्य पूर्णांक एक. शिल्लक : एकसष्ट पूर्णांक तीन. त्याखाली एक रकाना होता, गडबडीत तिने वाचलाच नव्हता. ‘सदर वापरातून तयार झालेलं उत्पादन.’ ती रसायनशास्त्र शिकलेली होती. वापरलं गेलेलं नाहीसं होत नाही, कशात तरी जातं, हे तिला पहिल्याच वर्षी पाठ करायला लावलं होतं.

दाराची घंटा वाजली.

“आलो, आलो!” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

धाकटीचं पेन थांबलं. बाप खुर्चीत होता, तोंड मिटून. त्याने हळूच वर बघितलं. आईने दार उघडलं, दुधाची पिशवी घेतली, दार लावलं, कडी घातली, दोन पावलं आली, परत फिरली, कडी हलवून पाहिली.

“काय झालं? असे काय बघताय दोघं?”

“तू आत्ता ‘आलो’ म्हणालीस,” बाप म्हणाला.

“काहीतरीच काय! मी ‘आले’ म्हणालो.”

आई दुधाची पिशवी धरून उभी होती आणि तिच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. आपण काय बोललो ते तिला हळूहळू कळत गेलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने पिशवी टेबलावर ठेवली.

“पुढच्या महिन्यात शून्य लिही,” बाप धाकटीला म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. “तिला नको हे. तिचं तिला राहू दे.”

“तीन महिने शून्य लिहिलं तर ट्रक येईल, बाबा.”

“येऊ दे.”

“येऊ दे ना,” आई म्हणाली. तिने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या आणि दाराच्या मधोमध बसली. “मी बघतो त्याच्याकडे. तू लिही गं, एक दशांश.”

धाकटीने एक दशांश लिहिलं.